ईएससी बदलायच्या आधी: दचके, मध्येच बंद पडणं, मरतं स्टिअरिंग आणि न लागणारा रिव्हर्स

प्रश्न थोडक्यात असा आहे. १/१० स्केलची फोर व्हील ड्राइव्ह शॉर्ट कोर्स प्रकारची रिमोट कंट्रोल गाडी, ३६५० साइजची ३३०० केव्हीची (म्हणजे दर व्होल्टला बिनलोड मिनिटाला ३३०० फेरे) सेन्सरलेस ब्रशलेस मोटर, ६० अँपिअरचा ईएससी (मोटरचा वेग सांभाळणारा इलेक्ट्रॉनिक स्पीड कंट्रोलर), २एस म्हणजे दोन सेलची ५००० एमएएच लायपो बॅटरी. स्पर (मोटरने फिरणारा मोठा गिअर) ८७ दातांचा, पिनियन (मोटरच्या शाफ्टवरचा लहान गिअर) २१ दातांचा, डिफरन्शियलमधलं आतलं गुणोत्तर २.६. गाडी बेळगावजवळच्या खानापूर भागात लाल मातीच्या मैदानावर आणि भात कापून झालेल्या शिवारात चालते. सुटताना दचके देते, पाच-सहा मिनिटांत बंद पडते, जोरात वळवताना कधी कधी स्टिअरिंग मरतं आणि रिव्हर्स लागला तर लागतो. त्यावर विचारलंय, की ईएससी खराब दिसतो, १२० अँपिअरचा घेऊ का?

इतक्यात घेऊ नका. यातल्या एकाही लक्षणावरून ईएससी खराब आहे असं सिद्ध होत नाही. दुरुस्तीला येणाऱ्या अशा गाड्यांत ईएससी खरोखर जळलेला फार कमी वेळा निघतो. बऱ्याचदा तो आपलं काम चोख करत असतो: व्होल्टेज घसरलं म्हणून थांबतो, तापला म्हणून थांबतो, सिग्नल चुकीचा आला म्हणून रिव्हर्स देत नाही. अँपिअरचा मोठा आकडा लिहिलेला ईएससी मोटरमध्ये जास्त करंट ढकलत नसतो. करंट ठरतो मोटर, गिअर आणि जमिनीच्या लोडवर. लोड तोच ठेवून १२० अँपिअरचा बसवलात, तर आज ६० वाला थांबून जे वाचवतो, ते उद्या मोटर किंवा बॅटरीच्या रूपात जाईल. तुमच्या चार तक्रारींची कारणं बहुधा तीन वेगवेगळी आहेत, त्यामुळे एकेक सुटी करून बघू.

आधी बंद पडण्याचं. ईएससी स्वतःहून थांबतो तो मुख्यतः दोन कारणांनी, व्होल्टेज कट ऑफ किंवा उष्णतेचा कट ऑफ. दोन्हींत गाडी थांबते, थोड्या वेळाने परत चालते, त्यामुळे बाहेरून सारखंच वाटतं. फरक कळतो तो परत चालायला लागणाऱ्या वेळावरून. व्होल्टेजमुळे थांबलेली गाडी अर्ध्या-एक मिनिटाने ट्रिगर हलका दाबला की सरकते आणि जोरात दाबला की परत मरते. उष्णतेने थांबलेली गाडी ईएससी गार होईपर्यंत, म्हणजे चांगली काही मिनिटं, हलत नाही. मग मात्र जोरातही चालते. दिव्याची लुकलुक दोन्ही वेळा वेगळी असते. तिचा अर्थ मॉडेलप्रमाणे बदलतो, म्हणून तो तुमच्या ईएससीच्या कागदात बघा, दुसऱ्याच्या अनुभवावर जाऊ नका.

याहून चांगलं आणि फुकटचं मोजमाप तुमच्या चार्जरवर आहे. बॅटरी पूर्ण भरलेली असताना गाडी चालवा, बंद पडली की बॅटरी काढून परत चार्ज करा आणि चार्जरने किती एमएएच परत भरले ते वाचा. समजा साडेपाच मिनिटं चालली आणि २००० भरले. म्हणजे सरासरी २२ अँपिअरच्या आसपास करंट गेला. हे अशा गाडीला अगदी नेहमीचं आहे आणि बॅटरीत निम्म्याहून जास्त चार्ज शिल्लक होता. मग थांबण्याचं कारण लोडखाली पडणारं व्होल्टेज किंवा ईएससीची उष्णता. पण तेवढ्याच वेळात ४००० भरले, तर सरासरी ४३-४४ अँपिअर खेचले गेलेत. ते जास्त आहे. तेव्हा गिअरिंग, अडकणारं बेअरिंग किंवा गवत, यांच्यामागे लागायचं. हा एक आकडा हातात आला की पुढची निम्मी शोधाशोध वाचते.

आता व्होल्टेज. भरलेल्या २एस लायपोचं व्होल्टेज ८.४ असतं, दर सेल ४.२. बॅलन्स प्लगला (बॅटरीच्या बारीक तारांच्या पांढऱ्या प्लगला) लावायचा छोटा सेल चेकर घ्या. गाडी थांबताक्षणी दोन्ही सेल वाचा. दोन्ही ३.७-३.८ दाखवत असतील तर बॅटरी रिकामी नाही. एक ३.८ आणि दुसरा ३.४ असेल तर तो दुसरा सेल थकलाय. कट ऑफ त्याच्यामुळेच लागतो आणि ईएससी कितीही भारी आणला तरी लागणार. मात्र थांबल्यावर मोजलेलं व्होल्टेज पूर्ण खरं सांगत नाही, कारण लोड सुटला की बॅटरी लगेच वर उसळते. शक्य असेल तर मल्टिमीटरच्या तारा ईएससीच्या इनपुटला लावून, गाडी हाताने दाबून धरून, क्षणभर थ्रॉटल देऊन बघा. चाकं घसरतील अशा जमिनीवर, एक-दोन सेकंदच. चांगली ५००० ची बॅटरी असल्या झटक्याला ७ व्होल्टच्या वर राहायला हवी. ६.४ पर्यंत आपटत असेल तर दोष बॅटरीत किंवा बॅटरी ते ईएससी या वाटेवर आहे.

पाकिटावर लिहिलेल्या ‘सी’ आकड्यावर (क्षमतेच्या किती पट करंट मिळेल ते सांगणाऱ्या) विसंबू नका. ५००० एमएएच आणि ५० सी म्हणजे कागदावर २५० अँपिअर. स्वस्त पॅकमध्ये मी हिशेब करताना तो निम्मा धरतो, आणि पॅक दोन वर्षं जुना, फुगीर असेल तर त्याहून कमी. फुगलेला पॅक वापरू नका, चार्जही करू नका.

बॅटरी ते ईएससी या वाटेवरचा सगळ्यात मोठा चोर म्हणजे कनेक्टर. तुमच्या वर्णनात बॅटरीला पांढरा टॅमिया प्लग आहे आणि मध्ये एक ॲडाप्टर लावून तो ईएससीच्या टी-प्लगला जोडलाय. हिशेब करून बघा. त्या जोडात सगळा मिळून ०.०१ ओहम रोध आहे असं धरा. ५० अँपिअरला तिथे अर्धा व्होल्ट पडतो आणि २५ वॉट उष्णता तयार होते. २५ वॉट म्हणजे छोट्या सोल्डरिंग आयर्नची ताकद, आणि ती बोटाएवढ्या प्लास्टिकमध्ये. तो अर्धा व्होल्ट ईएससीच्या दृष्टीने बॅटरीच संपत आल्यासारखा असतो. गाडी थांबली की जोडाला हात लावा. बॅटरी कोमट आणि प्लग गरम असेल तर कारण सापडलं.

ॲडाप्टर फेकून द्या. दोन्ही बाजूंना एक्सटी६० बसवा. तो या गाडीला पुरतो. सोल्डरिंगला ६० वॉट किंवा जास्तीचा आयर्न, छिन्नीसारखं रुंद टोक आणि ६३/३७ सोल्डर घ्या. मोबाइल दुरुस्तीचा २५ वॉटचा आयर्न १२ गेजच्या तारेला पुरत नाही, जाड तार उष्णता पिऊन टाकते. आधी तार वेगळी टिन करा (म्हणजे तिच्यावर सोल्डरचा थर चढवा), मग कनेक्टरचा कप टिन करा, मग दोन्ही एकत्र तापवा. कनेक्टर सोल्डर करताना त्याची जोडीदार बाजू आत खुपसून ठेवा, म्हणजे प्लास्टिक मऊ झालं तरी पिना वाकड्या होत नाहीत. सोल्डर चकचकीत आणि तारेच्या धाग्यांत झिरपलेलं दिसलं पाहिजे. निस्तेज, गोळ्यासारखं बसलेलं असेल तर तो कच्चा जोड, परत करा. बॅटरीच्या दोन तारा कधीही एकत्र उघड्या करू नका. एक कापा, सोल्डर करा, स्लीव्ह चढवा, मगच दुसरीला हात घाला.

याच कामात अनेक जण बॅटरीच्या तारा लांब करतात, ईएससी सोयीच्या जागी बसावा म्हणून. ते टाळा. ईएससी बॅटरीतून करंट तुकड्या-तुकड्यांनी, सेकंदाला हजारो वेळा चालू-बंद करत घेतो. तारा लांब झाल्या की त्यांच्या इंडक्टन्समुळे प्रत्येक तुकड्याला व्होल्टेज वर-खाली उसळतं आणि ते ईएससीवरच्या कपॅसिटरला सोसावं लागतं. कपॅसिटर तापतो, डोकं फुगतं आणि मग फेट (ईएससीमधले करंट चालू-बंद करणारे ट्रान्झिस्टर) जातात. लांबवायच्याच असतील तर मोटरकडच्या तीन तारा लांबवा. कपॅसिटरचं डोकं फुगलेलं दिसलं तर तेवढाच बदलता येतो: तेवढ्याच किंवा जास्त मायक्रोफॅरडचा, तेवढ्याच किंवा जास्त व्होल्टचा, आणि लो ईएसआर (आतला रोध कमी असलेल्या) प्रकारचा. जुन्या टीव्हीच्या बोर्डातून काढलेला बसवू नका.

व्होल्टेज नीट निघालं तर उष्णतेकडे. तुमचं गुणोत्तर ८७ भागिले २१, म्हणजे ४.१४, गुणिले २.६, एकूण १०.७७. मोटर ७.४ व्होल्टला बिनलोड २४,४२० फेरे घेते. टायरचा व्यास साधारण ११० मिलिमीटर धरला तर कागदावर वेग ताशी ४७ किलोमीटर येतो. सपाट डांबरी रस्त्यावर किंवा कडक मैदानावर हे चालेल. पण भाताच्या खुंटांत आणि गवतात तीच गाडी म्हणजे चोर्ला घाट टॉप गिअरमध्ये चढवलेली दुचाकी. गाडी चढते, पण इंजिन मरत मरत. पिनियन १८ करा. गुणोत्तर १२.५७ होतं, वेग कागदावर ४० ला येतो. बदल्यात चाकावर तेवढाच जोर द्यायला मोटरला १४ टक्के कमी करंट लागतो, आणि तांब्यातली उष्णता करंटच्या वर्गाने चालत असल्यामुळे ती चौथ्या हिश्शाने उतरते. सात किलोमीटरचा वेग सोडून एवढं मिळत असेल तर शिवारात चालवणाऱ्याने दुसरा विचार करू नये.

इथे एक गैरसमज फार पसरलेला आहे, की हळू चालवलं म्हणजे ईएससी थंड राहतो. गवतात अर्ध्या ट्रिगरवर रेटत नेणं हे ईएससीला मोकळ्या रस्त्यावर पूर्ण ट्रिगर देण्यापेक्षा जड जातं. अर्ध्या थ्रॉटलला मोटरमधून जाणारा करंट बॅटरीतून निघणाऱ्या करंटपेक्षा मोठा असतो, आणि फेट तापतात ते या मोटरच्या करंटने. शिवाय अर्ध्या थ्रॉटलला त्यांचं उघडझाप करणं चालूच असतं, पूर्ण थ्रॉटलला ते जवळपास थांबतं. म्हणून गवतात उपाय एकच, पिनियन लहान करणं.

पिनियन मागवताना बोअर बघा. ३६५० मोटरचा शाफ्ट बहुतेक ३.१७ मिलिमीटरचा असतो, मोठ्या मोटरींचा ५ चा. ५ चा पिनियन हाताशी आहे म्हणून बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत लेथवर बुश करून घालायची कल्पना आपल्याकडे सहज सुचते. तिथे काम उत्तमच होईल, पण एवढ्या पातळ बुशमध्ये पिनियन केसाएवढा जरी तिरका बसला तरी स्पर गिअरचे दात खातो. योग्य बोअरचा पिनियन पुण्या-बेंगळुरूहून मागवणंच स्वस्त पडतं. ग्रब स्क्रू शाफ्टच्या सपाट भागावर यायला हवा आणि त्याला निळं थ्रेडलॉक लावा. मोटर सरकवून बसवताना दोन्ही गिअरमध्ये साध्या वहीच्या कागदाची पट्टी घाला, मोटर दाबून स्क्रू आवळा, मग पट्टी फिरवून बाहेर काढा. पट्टीवर दातांची घडी उमटली पाहिजे, ती फाटता कामा नये. फाटली तर गिअर घट्ट बसलेत आणि तोसुद्धा फुकटचा लोड आहे.

पिनियन बाजूला आहे तोवर गाडी हाताने ढकला. सहज घरंगळली पाहिजे. चारही चाकं एकेक करून फिरवा. लाल माती ओली असताना बेअरिंगच्या कडेला चिकटते आणि वाळली की चुन्यासारखी घट्ट होते. खानापूरकडची जांभ्याची माती असो की निपाणी-चिकोडीकडची काळी, पावसाळ्यानंतर एक-दोन बेअरिंग जाम झालेली हमखास सापडतात. जाम बेअरिंगमुळे वाढलेला लोड ट्रिगरवर कळत नाही, चार्जरच्या आकड्यात कळतो. जांभ्याच्या मातीतले लोहाचे बारीक कण मोटरच्या चुंबकालाही चिकटतात. मोटर सुटी करता येणारी असेल तर चिकटपट्टीने टिपून काढा.

मोटरचं तापमान इन्फ्रारेड थर्मामीटरने घ्या. दोन-तीन मिनिटं चालवून एकदा, मग पुन्हा. ८० अंश ही माझी मर्यादा, कारण साध्या ग्रेडचे निओडिमियम चुंबक त्याच्या पुढे कायमचे अशक्त होऊ लागतात. चुंबक अशक्त झाला की मोटरचा केव्ही वाढतो, ती जास्त करंट ओढते, आणखी तापते. एकदा भाजलेली मोटर म्हणूनच पुढे कितीही काळजी घेतली तरी गरम चालते. तुमची मोटर आधीच यातून गेलेली असेल, तर नवा ईएससी लावूनही गरमच चालेल. एप्रिल-मेमध्ये दुपारी चालवू नका, आणि धूळ आत जाऊ नये म्हणून चेसिसवर चढवलेलं कापडी कव्हर उन्हाळ्यात काढून ठेवा. ईएससीवरचा छोटा पंखा फिरतोय ना, तेही बघा. लाल धुळीने पंख्याचं बुश आधी जातं, आवाज येत राहतो पण पातं फिरत नाही.

सुटतानाच्या दचक्यांचं कारण यातलंच असू शकतं, पण त्याला एक स्वभावाचा भागही आहे. सेन्सरलेस ईएससीला रोटर कुठे आहे हे कळतं ते मोकळ्या फेजमध्ये तयार होणाऱ्या उलट व्होल्टेजवरून. मोटर थांबलेली असताना ते व्होल्टेजच नसतं. म्हणून पहिले काही फेरे ईएससी अंदाजाने देतो. लोड जड असेल तर अंदाज चुकतो आणि गाडी दचकते. हलका दचका, विशेषतः फार हळू सुटताना, हा या जातीचा गुण आहे. पिनियन लहान केल्यावर आणि कनेक्टर बदलल्यावर तो बराच कमी होतो. सेटिंगमध्ये पंच किंवा स्टार्ट मोड असेल तर तो खालच्या पायरीवर आणा. क्रॉलिंगसारखं हळू चालवायचं असेल तर मात्र सेन्सरवाली मोटर आणि सेन्सरवाला ईएससी, दोन्ही लागतात. तिथे सहा तारांची बारीक केबल रोटरची जागा ईएससीला सांगत असते.

पण गाडी सुटतच नसेल, मोटर जागच्या जागी पुढे-मागे थरथरत असेल, तर एक फेज तुटलेली आहे. पहिला संशय मोटरच्या बुलेट कनेक्टरवर. सैल बुलेटच्या पाकळ्या कटरच्या पात्याने किंचित फाकवा. ओढल्यावर जोर लागायला हवा. मग मोटर तपासायची ती अशी. तिच्या तिन्ही तारा ईएससीपासून सोडवा. मोकळा शाफ्ट हाताने फिरवा. मग कोणत्याही दोन तारा एकमेकींना टेकवून परत फिरवा, शाफ्टला ब्रेक लागल्यासारखं जड वाटेल. तिन्ही जोड्यांना हा जडपणा सारखा हवा. एखाद्या जोडीला काहीच फरक पडत नसेल तर त्या वाइंडिंगची तार तुटलीय. आणि तारा एकमेकींना न टेकवताच शाफ्ट जड फिरत असेल तर आत शॉर्ट आहे. मल्टिमीटरवर हे सापडत नाही, कारण वाइंडिंगचा रोध इतका कमी असतो, की चांगली आणि शॉर्ट दोन्ही सारखीच बीप देतात.

ईएससीसाठी मात्र मल्टिमीटर उपयोगी. बॅटरी काढा, स्विच चालू करून कपॅसिटरमधला चार्ज संपू द्या. मग मीटर कंटिन्युइटीवर ठेवून मोटरची प्रत्येक तार बॅटरीच्या लाल तारेशी आणि मग काळ्या तारेशी लावून बघा. सहा जोड्या होतात. कुठेही सलग बीप वाजली आणि जवळपास शून्य ओहम आला, तर फेट शॉर्ट झालाय आणि तो ईएससी खरंच गेला. तसा ईएससी बॅटरीला पुन्हा लावू नका, आग लागू शकते.

स्टिअरिंग मरण्याचा संबंध मोटरशी नाही, बीईसीशी आहे. बीईसी म्हणजे ईएससीच्या पोटातला छोटा पुरवठा. रिसीव्हर, सर्वो (स्टिअरिंग वळवणारी छोटी मोटर) आणि काही वेळा पंखाही त्याच्यावर चालतो. तुमच्या ईएससीवर ६ व्होल्ट ३ अँपिअर लिहिलंय आणि सर्वो २० किलोचा मेटल गिअरवाला आहे. असा सर्वो चाक दगडाला अडकलं किंवा टोकाला जाऊन दाबत राहिला की एकटाच २ ते ३ अँपिअर घेतो. बीईसीचं व्होल्टेज आपटतं, रिसीव्हर क्षणभर बंद होऊन परत चालू होतो, आणि त्या क्षणी स्टिअरिंगही जातं, थ्रॉटलही. खात्रीसाठी पिनियन सुटा असताना चाकं हाताने अडवून स्टिअरिंग टोकाला न्या आणि रिसीव्हरचा दिवा बघा. विझून पेटला तर निदान झालं.

पैसे घालण्याआधी ट्रान्समीटरवर स्टिअरिंगचे एंड पॉइंट (सर्वो किती टोकापर्यंत जाईल ती मर्यादा) कमी करा. चाकं यांत्रिक टोकाला पोचल्यावर सर्वोने गुणगुणणं थांबलं पाहिजे. गुणगुणतोय म्हणजे तो पलीकडे ढकलत बसलाय. सर्वो सेव्हर (सर्वोला धक्क्यापासून वाचवणारा स्प्रिंगचा जोड) फार घट्ट आवळलेला असेल तर थोडा सैल करा. एवढ्याने भागलं नाही तर ५ अँपिअरचा वेगळा यूबीईसी (ईएससीबाहेरचा सुटा बीईसी) लावा, इनपुट थेट बॅटरीच्या जोडावरून. मग ईएससीकडून रिसीव्हरला येणाऱ्या प्लगमधली मधली लाल पिन काढून तिला स्लीव्ह चढवायला विसरू नका. नाहीतर दोन पुरवठे एकमेकांवर चढतात आणि त्यातला एक जातो. यूबीईसीचं व्होल्टेज सर्वोवर लिहिलेल्या मर्यादेत हवं, ७.४ चा सर्वो नसेल तर ६ वर ठेवा.

राहिला रिव्हर्स. हे बहुतेक बिघाड नसून पद्धत आहे. फॉरवर्ड-ब्रेक-रिव्हर्स मोडमध्ये ट्रिगर पहिल्यांदा पुढे ढकलला की ब्रेक लागतो. मग तो न्यूट्रलला सोडून दुसऱ्यांदा ढकलला की रिव्हर्स. गाडी धावत असताना गिअर उलटे फिरून तुटू नयेत म्हणून ही सोय आहे. असं करूनही कधी लागतो, कधी नाही, तर ईएससीला तुमचा न्यूट्रल ओळखता येत नाहीये. थ्रॉटलचा ट्रिम (न्यूट्रल थोडा पुढे-मागे सरकवणारी सेटिंग) हलवलेला असतो, किंवा रिमोट बदलल्यावर कॅलिब्रेशन केलेलं नसतं.

गाडी ठोकळ्यावर ठेवा, चाकं अधांतरी. ट्रान्समीटरवर थ्रॉटल ट्रिम शून्य, दोन्ही बाजूंचे एंड पॉइंट १०० टक्के, एबीएस वगैरे बंद. फुताबाचा ट्रान्समीटर असेल तर थ्रॉटल चॅनल बहुधा रिव्हर्स करावा लागतो. आधी ट्रान्समीटर चालू करा. हॉबीविंग क्विकरनच्या बटणवाल्या ईएससीत सेट बटण दाबून धरून ईएससीचा स्विच चालू करायचा, लाल दिवा लुकलुकू लागला की बटण लगेच सोडायचं. जास्त धरलंत तर काही मॉडेल प्रोग्रामिंगमध्ये जातात. मग ट्रिगर न्यूट्रलला ठेवून बटण एकदा, पूर्ण थ्रॉटल धरून एकदा, पूर्ण ब्रेक धरून एकदा. प्रत्येक वेळी दिवा किंवा बीप दाद देते. क्विकरन १०६० सारख्या ब्रश्ड ईएससीत बटणच नसतं. ट्रिगर न्यूट्रलला ठेवून चालू केलं की तो न्यूट्रल स्वतः घेतो, बॅटरीचा प्रकार आणि रिव्हर्स जंपरने ठरतात. ट्रॅक्सास कंपनीच्या ईएससीत ईझेड-सेट बटण आहे आणि तिथे क्रम वेगळा. तुमच्याकडचा कुठला ते बघून त्याप्रमाणे करा.

कॅलिब्रेशननंतर मोटर उलटी फिरली तर सेन्सरलेसमध्ये तीनपैकी कोणत्याही दोन तारांची अदलाबदल करा. सेन्सरवाल्या जोडीत हे कधीच करू नका. तिथे ए ला ए, बी ला बी, सी ला सी, आणि दिशा सेटिंगमधून बदलायची.

बाकीची सेटिंग तुमच्या जमिनीसाठी मी अशी ठेवली असती: बॅटरी लायपो, कट ऑफ दर सेल ३.२ ते ३.४, टायमिंग सगळ्यात कमी किंवा त्यावरची एक पायरी, ड्रॅग ब्रेक (ट्रिगर सोडल्यावर आपोआप लागणारा ब्रेक) शून्य, ब्रेक ५० ते ७५ टक्के, रिव्हर्स २५ ते ५० टक्के. बॅटरी सेटिंग निमएचवर (निकेल-मेटल हायड्राइड बॅटरीवर) राहून लायपो चालवला तर कट ऑफ फार खाली जातो आणि सेल फुगतात. टायमिंग वाढवून मिळणारा वेग उष्णतेत मोजून द्यावा लागतो, गवतात तो नकोच. रिसीव्हरला फेलसेफ असेल तर सिग्नल गेल्यावर थ्रॉटल न्यूट्रलला जाईल असा लावून घ्या. चालू करताना आधी ट्रान्समीटर, मग गाडी; बंद करताना आधी गाडी.

पावसाळ्यात खानापूरला गाडी कोरडी राहणं अवघड आहे. वॉटरप्रूफ लिहिलेल्या ईएससीचा बोर्ड रेझिनमध्ये बुडवलेला असतो, पंखा, स्विच आणि कनेक्टर नसतात. चिखलातून आल्यावर पाण्याचा फवारा मारू नका, प्रेशरने माती बेअरिंगच्या आत जाते. ओल्या ब्रशने धुवा, हवेने उडवा, कनेक्टर सोडवून वाळवा. कनेक्टरवर हिरवट थर आला की वर सांगितलेला ०.०१ ओहम तिथूनच सुरू होतो.

कामाचा क्रम असा ठेवा: कॅलिब्रेशन, मग कनेक्टर, मग बेअरिंग आणि १८ चा पिनियन, मग यूबीईसी. एका वेळी एकच बदल, आणि प्रत्येक बदलानंतर चार्जरने किती एमएएच भरले ते लिहून ठेवा. एवढं करूनही गाडी थांबली, तर इथे परत लिहा: थांबेपर्यंतची मिनिटं, परत भरलेले एमएएच, थांबताक्षणीचे दोन्ही सेलचे व्होल्टेज, मोटर आणि ईएससीचं तापमान, आणि दिवा कोणत्या रंगात किती वेळा लुकलुकला ते. त्यावरून ईएससी बदलायचा की नाही हे नक्की सांगता येईल.